काळ्या गोळ्याला ओला कपडा

२२ एप्रिल, सोमवार

पहिली आली ती मॅडमच. साहेब मागून, गाडी सावलीत लावून. भागीबाई खरकटी भांडी तशीच टाकून मला सांगायला आली, नवरा-बायको दिसतात. मी म्हटलं, नवरा-बायको असते तर तिने एकदा तरी मागे वळून डोळे वटारले असते. ही सरळ पुढे आली. म्हणजे ऑफिसचंच नातं. भागीबाईला नाही पटलं. तिला जगातल्या सगळ्यांची लग्नं लावायची घाई, स्वतःच्या पोरीचं सोडून.

मॅडमचं नाव स्नेहा, साहेबांचं रोहित. पुण्याहून आले. आपल्या कंपनीला हिरवं सर्टिफिकेट द्यायचं की नाही, ते यांच्या तपासणीवर ठरणार. हिरवं म्हणजे झाडं असं मला वाटलं. गेटपाशी मी लावलेला कढीपत्ता दाखवायला उठलेसुद्धा. हर्षल हसला. हर्षल माझा नातू, याच कंपनीत इंजिनियर. हे हिरवं काम सगळं त्याच्या अंगावर आहे. म्हणाला, आजी, झाडं बघतात, पण वीज किती जळते तेही बघतात, पाणी किती वाया जातं ते बघतात, आणि आत काम करणाऱ्या माणसाला उकडतं का तेही बघतात. ना फार गरम, ना फार गार. त्याला थर्मल कम्फर्ट म्हणतात.

एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं नाव. मी जन्मभर दुसरं काय केलं? उन्हाळ्यात ताक, थंडीत डिंकाचे लाडू.

आज नुसतं बघून गेले. मोजायला मे महिन्यात येणार, ऐन उन्हात. चहा मी स्वतः दिला. कॅन्टीन सुनेची, वत्सलाची. मी कोथिंबीर निवडते आणि सगळ्यांवर लक्ष ठेवते. अख्खी कंपनी मला आजी म्हणते.

हे लिहायला डॉक्टरांनी लावलंय. साखरेसाठी. रोज काय खाल्लं ते लिहा म्हणाले. तर आज दोन भाकरी, मेथी, चहा. उद्यापासून चहा बिनसाखरेचा. पाहुण्यांबरोबर घेतलेला धरायचा नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

धनराजच्या पोटऱ्यांत परत गोळे आले. जेवता जेवता उठला आणि भिंतीला धरून उभा राहिला. धनराज माझा मुलगा, हर्षलचा बाप. अंबडच्या याच कंपनीत भट्टीवर आहे. लोखंडाचे दांडे लालबुंद होईस्तोवर तापवायचे, चिमट्याने ओढायचे आणि हॅमरखाली द्यायचे. त्याचे गाड्यांचे पार्ट होतात. लग्नाच्या आधीपासून तेच करतो. घरी येऊन शर्ट काढला की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे.

वत्सला म्हणते, साहेबांना सांगा आणि पॅकिंगला जा. तो म्हणतो, आता कशाला, पाइप येतोय.

पाइपाचं असं आहे. भट्टीवाल्यांच्या डोक्यावर गार हवेचा मोठा पाइप आणायचा आणि छताला गरम हवा बाहेर जायला वाट करायची. हर्षलने कधीचा नकाशा काढून ठेवलाय. कंपनी खर्चाला तयार नव्हती. आता मोजणीत भट्टीपाशी गरमी जास्त निघाली की पाइप बसवल्याशिवाय सर्टिफिकेटच नाही. हर्षल हे बापाला समजावून सांगत होता आणि दोघं शाळेच्या पोरांसारखे गालात हसत होते.

मला हे काही आवडलं नाही. गरमी जास्त निघाली म्हणजे नापासच ना? पोराचं पहिलं मोठं काम आणि त्यात नापास व्हायची खुशी? मी म्हटलं, आधी पास हो. पास झालास की पाइप साहेब आपणहून देतील. तो म्हणाला, आजी, तू खंडेराव साहेबांना ओळखत नाहीस. मी बरी ओळखत नाही. मॅनेजर असून माझ्या हातची शेवभाजी मागून घेतात.

गोळे कशाने येतात ते मला माहीत आहे. रात्रीचं दही. आम्ही माहेरी लासलगावला कांद्याच्या खळ्यावर दिवसभर उन्हात बसायचो, डोक्यावर नुसता पदर. कुणाला काही झालं नाही. थोरल्या बहिणीला गोळे यायचे आणि त्याच उन्हाळ्यात ती गेली, पण ती मुळातच नाजूक होती.

दही बंद करायला सांगितलं. साखर मी बंद केलीच आहे. चहात गूळ घातला.

३० एप्रिल, मंगळवार

खंडेराव साहेब स्वतः कॅन्टीनमध्ये आले. खुर्ची पुसून द्यायच्या आत बसले. पाहुणे तेरा तारखेला येणार. साहेब म्हणाले, आजी, नकाशे-बिकाशे हर्षल बघेल, पण माणूस खूश होऊन जातो तो पानावरून. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

ते असंही म्हणाले की सर्टिफिकेट मिळालं तर मोठ्या गाड्यांची ऑर्डर येईल. नाही मिळालं तर ती राजस्थानातल्या का कुठल्या कंपनीला जाईल. म्हणजे सगळ्यांच्या चुलीचा प्रश्न आहे. एवढी जोखीम माझ्यावर टाकली, याचा अर्थ माणसाला पारख आहे.

ठरवलंय. पुरणपोळी, आमरस, कुरडई, कटाची आमटी. आणि शेडमध्ये पाहुणे उभे राहतील तिथे सकाळपासून सडा. दारात पाहुणा येणार आणि जमीन तापलेली, हे कुठलं वळण?

हर्षलला सांगितलं. तो म्हणाला, आजी, जेवण दे, पण शेडमध्ये काही करू नकोस, रोजच्यासारखं असू दे. पोराला टेन्शन आलंय. दहावीला पण असंच करायचा, पेपरच्या आदल्या दिवशी कुणी बोललेलं चालायचं नाही.

वजन वाढलंय असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा काटा जुना आहे.

६ मे, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत भट्टीवाल्यांना बसवून चार गोष्टी सांगितल्या. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. बाहेरची माणसं येणार, विचारणार, कसं वाटतं, उकडतं का, त्रास होतो का. हर्षल म्हणतो त्या मोजणीइतकंच हे विचारणंही लिहून घेतात, शंभरातले ऐंशी समाधानी पाहिजेत.

सोमा नावाचा पोरगा आहे, हरसूलकडचा, नुकताच बाप झालाय. त्याने विचारलं, आजी, मंग उकडतंय म्हनायचं का नाय? मी म्हटलं, सासरी जेवायला गेलास आणि मेहुण्याने विचारलं भाजी कशी झालीय, तर खारट म्हणशील का? सगळे हसले. सोमा म्हणाला, खारट असली तर बायको आदीच सांगती, आजी, गपगुमान गिळा म्हनून. मी म्हटलं, मग मी तुझी बायकोच समज. पुन्हा हसले. पाहुण्यांपुढे घरचं उणं काढायचं नाही, हे काय शिकवायला लागतं का. पण आजकाल लागतं.

धनराज हसला नाही. कोपऱ्यात पाठ टेकून बसला होता. डबा अर्धा तसाच. म्हणाला, आई, हर्षलला खरं मोजलेलं पायजे. मी म्हटलं, मोजू दे की, मी काय मोजणाऱ्याचा हात धरणार आहे?

वत्सलाला राग आला असावा. संध्याकाळी पीठ मळताना परात आपटत होती. तिचं हे नेहमीचं, उन्हाळा सोसत नाही तिला.

१० मे, शुक्रवार. आखाजी

पहाटे पितरांची घागर भरली. नवी घागर, वर खरबूज, अंगाला ओला कपडा. धनराजच्या बापाच्या नावाने. पुंजा नाव होतं त्यांचं, पण मी कधी घेतलं नाही, लिहिताना चालतं. घागरीला हात लावला की कसं गार गार वाटतं. पितरांना वर कुठे मिळत असेल गार पाणी, म्हणून तर आपण देतो.

तिथेच धनराजला शब्द मागितला. म्हटलं, सणाचा दिवस आहे, बापाची घागर समोर आहे, पाहुण्यांपुढे रडगाणं गाणार नाहीस असं म्हण. तो म्हणाला, आई, मला परवा तीन वेळा डोळ्यापुढे अंधारी आली. मी म्हटलं, उपाशी पोटी जातोस, दुसरं काय होणार? त्याने घागरीचा कपडा सरळ केला आणि म्हणाला, बरं. आखाजीचा शब्द मोडायची आमच्यात रीत नाही.

आमरस दोन वाट्या. सण आहे. उद्यापासून कडक.

१३ मे, सोमवार. दुपारी

पाहुणे आले. आज मॅडम मागून आणि साहेब पुढे. भागीबाई म्हणते भांडण झालं असेल. सविस्तर संध्याकाळी लिहिते, पुरण उतू जातंय.

संध्याकाळी

काय दिवस गेला. एवढा आनंद मला हर्षलच्या बारशाला झाला होता.

सकाळी खंडेराव साहेबांनी हर्षलला कसल्याशा कागदांसाठी मुंबई नाक्याच्या ऑफिसात पाठवलं. तो जायला तयार नव्हता. म्हणाला, आजच कशाला. साहेब म्हणाले, आजच लागतील. त्यामुळे घरचं माणूस म्हणून तिथे मीच.

सडा मी सकाळीच टाकून घेतला होता. लगेच वाळला. पुन्हा टाकला.

मॅडमनी भट्टीसमोर, धनराज उभा राहतो त्याच्या शेजारी, एक तिपाई उभी केली. तिच्यावर तीन वस्तू. एका नळीला पांढरा ओला मोजा घातलेला, खाली पाण्याची डबी. दुसरी नळी कोरडी. आणि मधोमध एक काळा गोळा, मोठ्या मोसंबीएवढा. मी विचारलं हा कशाला. मॅडम फार गोड आहेत, वाकून समजावून सांगतात. म्हणाल्या, आजी, नुसती हवा मोजून भागत नाही, भट्टीची झळ मोजायची तर ती कशाच्या तरी अंगाला लागायला हवी, म्हणून हा गोळा. दुपारच्या ऐन गरमीतले दोन तास तो इथेच राहणार, आतल्या आत आकडे धरून ठेवणार.

मग मी त्यांना जेवायला नेलं. इथे माझं कसब. पहिली पोळी, दुसरी पोळी, वर तूप, मग आमरस, मग पुन्हा पोळी. रोहित साहेबांनी नको नको म्हणत चार खाल्ल्या. मॅडमना वत्सला वाढत होती. मी मधेच शेडमध्ये जाऊन बघून आले.

तिपाई बिचारी एकटी उभी होती. भट्टीचं तोंड उघडलं की झळ थेट तिच्यावर. आणि मला ते बघवेना. एका नळीला ओला मोजा, पाण्याची डबी, सगळी बडदास्त, आणि काळा गोळा कोरडाठाक भाजतोय. एकाच तिपाईवर असा दुजाभाव. हात लावून बघितला तर चटका बसला. पाहुण्यांची वस्तू आपल्या दारात करपली तर मॅडम काय म्हणतील? पदराला होतं ते फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि घागरीला गुंडाळतो तसं गोळ्याला गुंडाळलं. दुसऱ्या नळीलाही एक चिंधी दिली. वाळलं की पुन्हा भिजवायचं, असं दोन-तीनदा केलं. सोमा बघत होता. म्हणाला, आजी, त्याला पन ऊन लागलं का? मी म्हटलं, लागणारच, तुझ्यासारखा निबर थोडाच आहे तो.

एकदा खंडेराव साहेब आले. मी जरा दचकले, विचारल्याशिवाय हात लावला म्हणून रागावतात की काय. ते फडक्याकडे बघत उभे राहिले. मग हसून म्हणाले, "असू द्या आजी. तुमचं लक्ष आहे म्हणून बरं." आणि पाहुण्यांना आणखी थोडा वेळ बसवून घ्या म्हणाले. मी विडे द्यायला गेले.

मॅडम परत यायच्या आत फडकी काढून घेतली. पाहुण्यांपुढे ओली चिंधी लोंबताना बरं दिसत नाही.

मॅडमनी आकडे बघितले आणि पुन्हा बघितले. म्हणाल्या, वाटलं होतं त्याहून कमी आलं. जमिनीकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं. पुन्हा एक दिवस मोजू का, असं रोहित साहेबांना विचारत होत्या. साहेबांना नाशिकरोडला गाडी गाठायची होती, आणि पोटात चार पोळ्या.

मग त्या धनराजकडे गेल्या. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला. मॅडमनी विचारलं, "इथे उभं राहून काम करताना कसं वाटतं तुम्हाला? मोकळं सांगा."

धनराजने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खूण केली.

"बरं वाटतं," म्हणाला.

हर्षल आला तेव्हा पाहुणे गेले होते. मी त्याला सगळं रंगवून सांगितलं, पोळ्या, विडे, मॅडमचं बोलणं. फडक्याचं सांगायचं राहिलं. एवढ्या मोठ्या दिवसात तेवढं काय लक्षात राहणार.

साखरेचं आज विचारू नये.

२० मे, सोमवार

पास! सर्टिफिकेट येणार. भट्टीपाशीसुद्धा गरमी हद्दीत निघाली. गेटवर हिरवी पाटी लागणार आणि त्या दिवशी फोटो. मी मोरपंखी लुगडं काढून ठेवलंय.

खंडेराव साहेबांनी पेढे वाटले. मला दोन दिले, एक नाकारला तर माणसाला वाईट वाटतं.

हर्षलने पेढा हातातच धरला. साहेबांनी पाइपाचा नकाशा परत दिला म्हणे. मोजणीत गरमी नाहीच, तर पाइप कशाला, हे पैसे आता दुसरीकडे घालू. मी म्हटलं, आज नाही तर पुढच्या वर्षी देतील, साहेबांचा माझ्यावर जीव आहे. हर्षल म्हणाला, आकडे असे आलेच कसे, मी स्वतः घरचा मीटर लावून बघितलं होतं. मी म्हटलं, तुझा मीटर स्वस्तातला असेल.

धनराज घरी आला आणि ओसरीवर आडवा झाला. पेढा खा म्हटलं तर म्हणाला, नंतर. मग हर्षलला विचारलं, "पाइप नाय ना येत?" हर्षलने मान हलवली. धनराज म्हणाला, बरं, आणि कूस बदलली.

२४ मे, शुक्रवार

धनराज पडला.

भट्टीपुढे. दुपारी. हातातला चिमटा तसाच. सोमाने ओढून बाजूला घेतलं म्हणून तोंड वाचलं.

अंग तव्यासारखं. घामाचा थेंब नाही. आधी घाम थांबला आणि तो काहीबाही बोलायला लागला, असं सोमा म्हणाला. मला हाक मारत होता म्हणे. मी कॅन्टीनमध्येच होते. मिक्सर चालू होता.

दवाखान्यात आहोत. आत घेतलंय. बर्फ मागवला.

दृष्ट लागली. त्या दिवशी मॅडम त्याच्याकडे किती वेळ बघत होत्या.

२८ मे, मंगळवार

शुद्धीवर आला. आईची माया कामी आली.

डॉक्टर उष्माघात म्हणतात. मेमध्ये सगळ्यांना तेच म्हणतात. मूत्रपिंडाला धक्का बसलाय, रक्त स्वच्छ करायची नळी लावलीय. बोलताना शब्द सापडत नाहीत त्याला. पाणी हवं होतं तर चिमटा दे म्हणाला. भट्टीपाशी आता जन्मात जायचं नाही म्हणतात. एवढ्या लवकर कशाला सांगायचं असं, माणूस खचतो.

खंडेराव साहेब शहाळी घेऊन आले. पायातले बूट बाहेर काढून आले, एवढी रीत कोण पाळतं. वत्सलाने विचारलं, कामावर झालं तर औषधपाणी कंपनी बघेल ना, आणि बरे झाले की बसून करायचं काम मिळेल ना. साहेबांनी खूप शांतपणे सांगितलं. आता सर्टिफिकेट आलंय, तपासणी बाहेरच्या माणसांनी केलीय, भट्टीपाशी उष्णता हद्दीत होती असं कागदावर आहे. मग उन्हाने हे कामावर झालं असं कसं म्हणता येईल? घरून येतानाच ऊन लागलं असेल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, तुम्ही तर तिथेच होता. तुमच्यासमोरच मोजलं ना?"

मी म्हटलं, हो. खरंच तर होतं. समोरच मोजलं.

वत्सला माझ्याकडे बघत राहिली.

मला उगीचच ते फडकं आठवलं. ओल्या फडक्याने कधी कुणाचं वाईट झालं नाही. तापात आपण तेच ठेवतो.

शहाळं मी प्यायले. धनराजला अजून देत नाहीत.

३ जून, सोमवार

सोमाने हर्षलला सांगितलं. पोटात काही राहत नाही या पोरांच्या. आता भट्टीवर धनराजच्या जागी त्याला उभं केलंय, तर त्याचाच काही राग असेल.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसले होते. हर्षल शेजारी येऊन बसला. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला नाही. विचारलं, तू गोळ्याला ओला कपडा गुंडाळला होतास का. मी म्हटलं, हो, चटका बसत होता, आणि दुसऱ्याला होताच की मोजा, मॅडमनी स्वतः घातलेला. त्याने विचारलं, किती वेळ. मी म्हटलं, पाहुणे जेवेपर्यंत. साहेबांनी पण बघितलं, असू द्या म्हणाले.

त्याने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. मग म्हणाला, "आजी, तो गोळा म्हणजे बाबा होते."

मी म्हटलं, असं काय बोलतोस. तो म्हणाला, बाबांच्या अंगाला जेवढी झळ लागते तेवढी त्याला लागायची होती, म्हणून त्याला तिथे उभं केलं होतं. बाबांना बोलता येत नव्हतं, तर तो बोलणार होता.

मला यात माझी चूक अजूनही कळत नाही. तो गोळा धनराज होता असं म्हटलं तर मी काय केलं? लेकाच्या अंगाला ओला कपडा गुंडाळला. कुठली आई गुंडाळणार नाही?

हे मी हर्षलला म्हटलं. तो उठून आत गेला. डबा तिथेच.

वत्सला पाच दिवस माझ्याशी बोललेली नाही. थकलीय. जागरणं होतात.

आज काय खाल्लं ते आठवत नाही.

८ जून, शनिवार

पाहुणे घरी आले. दोघं बरोबरच आली. कोण पुढे कोण मागे ते भागीबाईने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

हर्षलने त्यांना सगळं कळवलं होतं, खंडेराव साहेबांना न विचारता. त्याच्या नोकरीचं काय होईल कोण जाणे. मी काही गोड करावं म्हणून उठले, तर वत्सला म्हणाली, "आत्याबाई, बसा." एवढ्या दिवसांनी तेवढंच बोलली. मी बसले.

धनराज ओसरीवर भिंतीला टेकून होता. त्याला कालच घरी आणलं. आठवड्यातून दोनदा नळी लावायला न्यायचं. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतो. मॅडम त्याच्यापुढे खाली जमिनीवर बसल्या. पुन्हा तेच विचारलं, तिथे काम करताना कसं वाटायचं.

धनराजने या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. शब्द शोधत होता. रोहित साहेब चपलांकडे बघत होते.

"भाजायचं," म्हणाला.

मग मॅडमनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं, सडा, पोळ्या, फडकं, साहेब काय म्हणाले ते. लपवण्यासारखं त्यात काय आहे? त्या लिहून घेत होत्या आणि मधेच थांबल्या. मला वाटलं रागावतील. म्हणाल्या, चूक माझी आहे आजी, यंत्र सोडून मी जेवायला बसायला नको होतं. मी म्हटलं, असं कसं, पाहुण्याने उपाशी जायचं का?

मोजणी पुन्हा करायची ठरली. ती आधीची धरायची नाही, पण नवी होईपर्यंत सर्टिफिकेट काढून घेता येत नाही म्हणे. त्यांनी तिथूनच खंडेराव साहेबांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून. साहेब फार गोड बोलले. जरूर या, कंपनी तुमचीच आहे. पण आत्ता मोठ्या ऑर्डरची घाई आहे, मग पाऊस, मग भट्टीला आतून नवीन विटा लावायच्या, मग दसरा-दिवाळी. सगळं मार्गी लावून नवीन वर्षात निवांत या. मॅडम म्हणाल्या, लवकरचा दिवस द्या. साहेब म्हणाले, त्याआधी गेट उघडणं जमणार नाही. नियमाने दिवस कंपनी देते म्हणे. मॅडम रोहित साहेबांशी हळू आवाजात बोलल्या, मग पुन्हा फोनवर, मग साहेबांनी दिलेली तारीख लिहून घेतली.

हर्षल हसला. मला वाटलं प्रश्न सुटला म्हणून हसतोय. मी पण हसले. नवीन वर्षात म्हणजे बरंच झालं, गार दिवस असतात, त्यांना उन्हाचा त्रास नाही, जमीन तापत नाही. मी तसं म्हटलंही.

वत्सला माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने.

"जानेवारीत भट्टीपाशी सगळ्यांनाच बरं वाटतं, आत्याबाई. लोक हात शेकायला जातात."

धनराजने विचारलं, तवर सोमा तिथंच का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय सांगणार होते ते आत्ता आठवत बसलेय.

पाहुणे चहा न घेता गेले. ठरल्या तारखेला नक्की येतो म्हणाले.

६ जानेवारी, सोमवार.